मणी परत पिशवीत: आनुवंशिकी शिकायला निघालेल्यांसाठी

आमची शेती निफाड तालुक्यात. दीड एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि गहू. थॉमसनची काडी लावली की थॉमसनच येणार, हे लहानपणापासून पाहत आले. बांधावर मात्र आजोबांनी एका गोड केशर आंब्याची कोय पुरली होती. तिचं झाड झालं, मोहर आला, आंबे लागले आणि निघाले आंबटढाण. "कोयीचा भरवसा नाही," एवढं म्हणून घरात विषय मिटला होता. तो माझ्या डोक्यात पुन्हा सुरू झाला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, नाशिकला आल्यावर.

काडी म्हणजे त्याच वेलीचा तुकडा. तिच्या प्रत्येक पेशीत मूळ वेलीची जनुकं जशीच्या तशी असतात. कोय म्हणजे नवा जीव. त्यात आईच्या झाडाची निम्मी जनुकं आणि कुठल्या तरी दुसऱ्या झाडाच्या परागकणातून आलेली निम्मी. आईकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यातली कोणती कोयीत जाणार हे दर कोयीला नव्याने ठरतं. हे "नव्याने" नीट कळलं तर पुढचं अर्धं पुस्तक सोपं जातं. मला ते कळायला तीन वर्षं लागली, आणि ती चूक परीक्षेत नाही, एका माणसासमोर उघडी पडली. ते शेवटी सांगते.

आधी एक प्रश्न, जो आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारला. कलमी आंब्याला खुंट एका झाडाचा आणि वरची काडी दुसऱ्या झाडाची. त्या कलमाच्या फळातली कोय पेरली, तर रोपात खुंटाचे गुण उतरतील का? वर्गातल्या बहुतेकांनी "थोडे उतरतील" म्हटलं. उत्तर आहे, नाही. खुंट पाणी आणि क्षार वर पाठवतो, पण फूल येतं ते काडीच्या पेशींतून. खुंटाचा डीएनए खुंटात राहतो, काडीचा काडीत. आमच्याकडे डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या द्राक्षवेलीच्या खुंटावर द्राक्षाची कलमं भरतात, तिथेही हेच. दोघं एकाच वेलीत वर्षानुवर्षं नांदतात, तरी घड थॉमसनचाच. घरी जाऊन मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, "मग थॉमसनच्याच बागेत एखाद्या काडीला लांब मणी का येतो?" तो प्रश्न माझ्यापेक्षा पुढचा होता. क्वचित काडीवरच्या एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे अंकुरातल्या, पेशीत डीएनए बदलतो आणि त्या डोळ्यातून फुटलेली काडी वेगळी निघते. नजर असलेला शेतकरी तीच काडी वाढवतो. सोनाका हे वाण थॉमसनमधून असंच पुढे आलं. बिनबियांच्या फळाला नवा गुण मिळण्याची ती एक वाट आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत शब्द अडवतात. मी एका वहीत डावीकडे गुणसूत्र, जनुक, अर्धसूत्री विभाजन असे दहावीतले शब्द आणि उजवीकडे कॉलेजात बोलले जाणारे क्रोमोझोम, जीन, मिओसिस असे लिहीत गेले. ते काम महिन्याभरात संपतं. खरा घोटाळा होतो ओळखीच्या शब्दांनी. "प्रभावी" म्हटलं की बलवान किंवा जास्त आढळणारं असं वाटतं. तसं काही नाही. दोन प्रतींपैकी एक असली तरी गुण दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. रक्ताचा ओ गट अप्रभावी आहे, तरी आपल्याकडे घरोघरी सापडतो. हाताला सहावं बोट येण्यामागचं जनुक बऱ्याच कुटुंबांत प्रभावी असतं, तरी अशी माणसं थोडीच दिसतात.

आता मेंडेल. ब्रनो शहरातल्या मठात 1856 पासून सात-आठ वर्षं त्यांनी वाटाणे वाढवले, 1865 मध्ये निष्कर्ष वाचून दाखवले, 1866 मध्ये ते छापून आले, आणि 1900 पर्यंत त्यांची किंमत जवळजवळ कुणालाच कळली नाही. हे सगळ्या पुस्तकांत असतं. नवीन विद्यार्थ्याने पाहावेत ते त्यांचे आकडे. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत त्यांना 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले मिळाले. बरोबर तीनास एक असते तर 5493 आणि 1831 यायला हवे होते. फरक 19 चा. हा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो का, हे काय-वर्ग चाचणीने काढतात. 19 चा वर्ग 361. त्याला 5493 ने भागा, मग 1831 ने भागा, आणि बेरीज करा. उत्तर येतं सुमारे 0.26. इथे मर्यादा 3.84 ची, उत्तर तिच्याखाली असेल तर फरक योगायोगाचा मानतात, त्यामुळे आकडे तीनास एक या अपेक्षेशी जुळतात. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करा. पुनेट चौकोन, म्हणजे आई-वडिलांच्या जनुकांच्या शक्य जोड्यांचा तक्ता, सगळे काढतात, पण चौकोन फक्त अपेक्षा सांगतो. शेतात, प्रयोगशाळेत, घरात समोर येते ती मोजणी, आणि मोजणीला हेलकावे असतातच. सात हजार वाटाण्यांत ते दिसत नाहीत, चार मुलांच्या घरात ठळक दिसतात.

आमच्याकडून हे करून घ्यायला कापडी पिशव्या दिल्या होत्या. प्रत्येक पिशवीत एक लाल आणि एक पांढरा मणी. एक पिशवी आईची, एक वडिलांची. दोन्हींतून एकेक मणी काढायचा, जोडी लिहायची, पुन्हा काढायचं. माझ्या गटाने घाईत मणी परत न टाकताच पुढची जोडी काढली. म्हणजे पहिल्यांदा लाल निघाला की दुसऱ्यांदा पांढरा ठरलेलाच. आमचे आकडे सगळ्या वर्गात सुबक आले आणि आम्हाला त्याचा आनंद झाला. ते चुकीचे आहेत हे आम्हाला कळलं नाही, तपासणाऱ्यांनाही नाही.

प्रात्यक्षिकांत मला सगळ्यात जास्त दिलं ते कांद्याच्या मुळाने. लासलगावचा कांदा जगभर जातो, पण त्याच्या मुळाच्या टोकात पेशी विभागताना दिसतात आणि जगभरचे विद्यार्थी पहिलं गुणसूत्र तिथेच पाहतात, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं. कांद्यात गुणसूत्रं फक्त 16 आणि चांगली मोठी, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही सुटी दिसतात. कांदा नुकता काढलेला घेऊ नका. चाळीत काही महिने राहिलेला घ्या, तो लवकर मुळं धरतो. वाळलेली जुनी मुळं खरवडून कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासवर असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं येतात. ती सकाळी लवकर कापा, आम्हाला तेव्हाच विभाजनातल्या पेशी भरपूर मिळायच्या. दुपारच्या मुळांत नुसती गोल केंद्रकं पाहून डोळे दुखतात. कापलेली टोकं तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये किंचित गरम करायची म्हणजे पेशी एकमेकींना सोडतात, मग ॲसिटोकार्माइनचा रंग. शेवटी काचपट्टीवर कव्हर स्लिप ठेवून वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सकाळपासूनचं काम वाया. माझ्या सात पट्ट्या अशा गेल्या. आठवीत एका पेशीत सोळा गुणसूत्रं मध्यावर ओळीत उभी होती. मी ती तीनदा मोजली.

डीएनएच्या धड्यात बरेच जण शिडीचं चित्र पाठ करतात आणि तिथेच थांबतात. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी रचना मांडली, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा त्यात मोठा आधार होता, ए समोर टी आणि जी समोर सी, हे माहीत हवंच. पण चार अक्षरांचा मजकूर वाचला कसा जातो, हे त्याहून महत्त्वाचं. पेशी तो तीन-तीन अक्षरांनी वाचते, मध्ये जागा सोडत नाही, आणि दर तीन अक्षरांमागे प्रथिनाच्या साखळीत एक अमिनो आम्ल जोडते. काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी मराठी शब्द घेतले की हे चटकन कळतं. लिहा: कमळ गवत बदक नगर. आता पहिल्या शब्दातला ळ काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं पाडा: कमग वतब दकन गर. एक अक्षर गळालं आणि पुढचं सगळं निरर्थक झालं. आता अक्षर गाळू नका, एकच बदला. नगरमधल्या ग च्या जागी ज. बाकी वाक्य जागच्या जागी राहिलं, पण नगरचं नजर झालं. अर्थ असलेलाच शब्द, पण दुसरा.

सिकलसेल हा आजार नेमका असा आहे. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाचं, जनुक आहे. त्यात जी-ए-जी या तीन अक्षरांतलं मधलं ए बदलून टी होतं. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्यासारखं होतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. माणसाच्या एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरं, त्यातल्या एका अक्षराने हे सगळं होतं. बदललेली एकच प्रत असेल तर माणूस वाहक, त्याला सहसा त्रास नाही, उलट तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार.

नियम शिकताना अपवादही शेजारीच लिहून ठेवा. "आई-वडील दोघं ओ गटाचे तर मूल ए गटाचं होणार नाही" हा नियम खरा. पण 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त शोधलं ज्यात ए-बीचा पाया असलेला एच पदार्थच तयार होत नाही. ए किंवा बीचं जनुक असूनही साध्या तपासणीत असा माणूस ओ दिसतो, आणि त्याचं मूल ए किंवा बी निघू शकतं. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. एक जनुक दुसऱ्याला झाकतं, हे समजायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्या वाटांबद्दल थोडक्यात. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, यातल्या कशातूनही आनुवंशिकीकडे येता येतं, म्हणून पदवीच्या नावावरून घरात भांडू नका. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत, त्यांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. पीक पैदास करायची असेल तर बी.एस्सी. ॲग्री करून राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे बघा. त्याचंच गहू संशोधन केंद्र निफाडला आहे. गव्हात गुणसूत्रांचे सहा संच, एकूण 42, आणि तिथली वाणांची शेतं पाहिल्यावर हा आकडा नुसता आकडा राहत नाही. संख्याशास्त्र टाळू नका, मी टाळलं आणि नंतर नोकरी करता करता रात्री शिकले. आणि प्रयोगशाळेत पगार सुरुवातीला कमी असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सुरगाणा तालुक्यातल्या सिकलसेल तपासणी शिबिरांत जायचे. बोटाचं रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करायची. नळीमागच्या कागदावरच्या रेघा वाचता आल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या मदतीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला, कारण गढूळ नळी वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. एक बाई आली होती. नवरा-बायको दोघं वाहक, पहिली मुलगी आजारी. मी पाठ असलेलं सांगितलं, चारातलं एक मूल आजारी होऊ शकतं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे आमचं ते एक होऊन गेलं ना ताई? आता पुढची तिन्ही चांगली."

मला त्या पिशव्या आठवल्या. मणी परत न टाकता काढलेल्या जोड्या. तिला मी तेच शिकवलं होतं जे चुकून मी शिकले होते.

शिबिरातली गर्दी थांबवून मी आशाताईंकडून दोन कापडी पिशव्या घेतल्या, घरातून मूग आणि चवळी मागवली. प्रत्येक पिशवीत एकेक दाणा. चवळी म्हणजे बदललेलं जनुक. तिच्या नवऱ्यालाही बोलावलं. एका पिशवीत तिने हात घातला, एकीत त्याने. काढा, बघा, परत टाका, पिशवी हलवा, पुन्हा काढा. तिसऱ्याच वेळी दोन्ही हातांत चवळी आली. दोनदा मूग-चवळी आलं, आणि मग पुन्हा दोन्ही चवळ्या. तो म्हणाला, "म्हणजे दर वेळी पहिल्यासारखंच." मी म्हटलं, दर वेळी चारात एक, आधी काय झालं ते पिशवीला आठवत नाही. मग गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची तपासणी करता येते, ती कुठे होते, आणि मुलीची औषधं का थांबवायची नाहीत, हे बोललो. या वेळी मी सावकाश बोलले आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून परत वदवून घेतली.

ती बराच वेळ पिशवीत हात घालून बसली होती. मग तिने दाणे माझ्या हातात दिले आणि विचारलं, "माझी धाकटी बहीण पेठला दिलीय. तिचं पण रक्त बघाल का, मूल व्हायच्या आधी?"