मे महिना, म्हापसा आणि जुन्या गाडीचा एसी
माझी 2004 ची वॅगन-आर. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात तासभर उभी केली की आत नुसती भट्टी. एसी गार करीना म्हटलं की मेकॅनिक लगेच ‘गॅस भरूया’ म्हणतो. थांबा! गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायला लावा, मग आर-134ए (एसीचा गॅस) भरा.

त्याहीआधी बोनेट उघडून रेडिएटरपुढचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बघा. आमच्याकडे खारा वारा नि तांबडी धूळ, त्याच्या बारीक पात्या पार बुजतात. इंजिन थंड असताना पाइपाचं पाणी हलक्या धारेनं सोडा. जोराच्या फवाऱ्यानं पात्या वाकतात. (माझ्या वाकल्या.) एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो ना, तेही पाहा.

निघताना दोन मिनिटं काचा उघड्या, मग बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण.