जाहीर नोटिशीतून घराण्याचा माग: नेब्रास्कातील जुनी वृत्तपत्रे कशी वाचावीत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता सून किंवा जावई तिथल्याच कुटुंबातून येतो, आणि नातवंडांसाठी वंशावळ लिहायला घेतली की एक बाजू सात पिढ्यांची भरते, तर दुसरी आजी-आजोबांच्या नावांपाशी थांबते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तिकडे अशी सोय नाही. माझ्या नातीचे आजोळ अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या गवताळ माळरानावर वसलेल्या एका शेतकरी घराण्यातले. ते शोधताना मला सर्वांत जास्त हाती लागले ते तिथल्या लहान गावांच्या साप्ताहिकांतून, म्हणून त्या वाटेची माहिती येथे सविस्तर देत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय कोणत्या वर्षाचे अंक उघडायचे हे ठरत नाही. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला, मग ती अविवाहित स्त्री किंवा विधवा का असेना, १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क नोंदवता येई. पाच वर्षे तिथे राहून जमीन कसल्याचे सिद्ध केले की नाममात्र शुल्कात मालकीचा पट्टा मिळे. हा पुरावा नोंदणीपासून सात वर्षांच्या आत द्यावा लागे. म्हणजे पूर्वजाने जमीन कधी नोंदवली हे कळले, तर त्यानंतरच्या पाचव्या ते सातव्या वर्षांचे अंक हा शोधाचा मुख्य टापू ठरतो. मात्र अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांना सेवेचा काळ वजा करून मिळत असे आणि काही जण एकरी सव्वा डॉलर भरून लवकर मोकळे होत, तेव्हा काहीच सापडले नाही तर पाचव्या वर्षाच्या आधीचे अंकही पाहावेत.

बहुतेक जण शोधाची सुरुवात मृत्युलेखापासून करतात. माझ्या मते ती जाहीर नोटिशीपासून करावी. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार होण्यापूर्वी वृत्तपत्रात ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे’ अशी नोटीस येते, तसाच हा प्रकार आहे. ३ मार्च १८७९ च्या कायद्याने असे ठरवले की होमस्टेडचा अंतिम पुरावा देऊ इच्छिणाऱ्याची नोटीस जमिनीला सर्वांत जवळच्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा, तीस दिवस छापली गेली पाहिजे. एरवी ज्याचे नाव वर्तमानपत्रात कधीच आले नसते अशा साध्या शेतकऱ्याचे नाव त्यामुळे सलग चार-पाच अंकांत येते. नोटिशीत अर्जदाराचे नाव, जमीन कचेरीचे गाव, नोंदणी क्रमांक आणि पुरावा देण्याची तारीख असते. जमिनीचे वर्णन सेक्शन, टाउनशिप व रेंज या आकड्यांत दिलेले असते. एक सेक्शन ६४० एकरांचा, म्हणून होमस्टेड म्हणजे बहुधा त्याचा एक चतकोर, आणि ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप होते; रेंज म्हणजे टाउनशिपांची उभी रांग. हे आकडे आपल्या गट क्रमांकासारखे जपून उतरवून घ्यावेत, कारण पुढची सगळी कागदपत्रे त्यांच्यावरूनच जुळतात.

परंतु नोटिशीचा खरा ऐवज तिच्या शेवटच्या दोन ओळींत असतो. अर्जदार सतत त्या जमिनीवर राहिला आणि त्याने ती कसली याची ग्वाही देणाऱ्या साक्षीदारांची, सहसा चौघांची, नावे तिथे छापलेली असतात. हे चौघे म्हणजे प्रत्यक्ष शेजारी, आणि पुष्कळदा मेहुणा, सासरा, चुलतभाऊ किंवा युरोपातल्या एकाच खेड्यातून बरोबर आलेला माणूस. म्हणून त्या चौघांच्या स्वतःच्या नोटिसाही शोधाव्यात. तिथे आपला पूर्वज बहुधा साक्षीदार म्हणून उभा दिसतो. चार-पाच नोटिसा समोर मांडून सेक्शनचे चौकोन कागदावर काढले की त्या वस्तीची चतुःसीमा तयार होते, आणि लग्नसंबंध कोणत्या दोन घरांत जुळले असतील याचा अंदाज बांधता येतो. माझ्या नातीच्या पणजीची पणजी माहेरची कोण, हे मला कोणत्याही वंशवृक्षातून नव्हे, तर अशा एका साक्षीदाराच्या आडनावावरून उमगले.

आता अंक कुठे मिळतात ते पाहू. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह सर्वांना मोफत खुला आहे. राज्य आणि वर्षे निवडून त्यात शब्दशोध करता येतो. नेब्रास्कातले ‘रेड क्लाउड चीफ’, ‘मॅकुक ट्रिब्यून’ यांसारखे अंक तिथे पानोपान वाचता येतात. याच संस्थेने अमेरिकेत १६९० पासून निघालेल्या वृत्तपत्रांची सूचीही केली आहे, आणि कोणत्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) कोणते पत्र निघत होते व त्याचे अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत हे तीवरून कळते. ‘जमिनीला जवळचे पत्र’ कधी कधी शेजारच्या काउंटीतले असते, त्यामुळे सूची पाहताना नकाशा शेजारी ठेवावा. जे अंक संगणकावर आलेले नाहीत, त्यांच्या मायक्रोफिल्म लिंकन शहरातील राज्याच्या इतिहास संस्थेत आहेत.

शब्दशोधावर पूर्ण विसंबू नये. जुनी, फिकट छपाई यंत्र वाचते तेव्हा अक्षरे चुकतात. एका अंकात न सापडलेले नाव पुढच्या आठवड्याच्या अंकात सापडू शकते, आणि नोटीस पुन्हा पुन्हा छापली जात असे याचा इथे मोठा उपयोग होतो. आडनाव सापडत नसेल तर साक्षीदाराचे नाव, जमीन कचेरीचे गाव किंवा नोंदणी क्रमांक घालून पाहावा. जर्मन, चेक, स्वीडिश आडनावे संपादकाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. विवाहित स्त्रिया तर नवऱ्याच्याच नावाने, ‘मिसेस’ लावून येतात, म्हणून आजीचा शोध आजोबांच्या नावाने घ्यावा लागतो. तिचे स्वतःचे नाव दिसते ते जमीन तिच्या नावावर असेल तेव्हा, शाळेतल्या गुणवंतांच्या यादीत किंवा लग्नाच्या बातमीत.

नोटीस हाती आल्यानंतर त्या काळातले अंक सलग वाचावेत. त्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवल्यास बराच वेळ वाचतो: १८६५ नंतर शिकागोसारख्या शहरांतून अर्धी पाने आधीच छापलेला कागद गावोगावच्या संपादकांना मिळू लागला. त्यावर कथा, परदेशी बातम्या आणि औषधांच्या जाहिराती असत. स्थानिक मजकूर उरलेल्या पानांवरच. पहिले दोन अंक पाहून आपल्या पत्राची स्थानिक पाने कोणती ते ठरवावे आणि तेवढीच वाचावीत. वस्ती-वस्तीचे वार्ताहर कोण कोणाकडे पाहुणा आला, कोणाचे धान्याचे कोठार जळाले, कोण आजारी आहे हे दर आठवड्याला कळवत. त्या सदरात मला सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो, कारण तेवढ्यातच ती माणसे चालती-बोलती दिसतात. ‘गेल्या मंगळवारी’ अशा उल्लेखाची तारीख अंकाच्या तारखेवरून मागे मोजून लगेच लिहून ठेवावी. १८७४ च्या टोळधाडीनंतरचे आणि १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळानंतरचे अंक तर कुटुंबाचे नाव माहीत नसले तरी वाचावेत. त्या वादळात शाळेतून घरी निघालेली पुष्कळ मुले गेली.

या मजकुराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. १८९० च्या जनगणनेची जवळजवळ सगळी कागदपत्रे जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली, आणि नेब्रास्कात जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १९०४ मध्ये सुरू झाली. म्हणजे १८८० ते १९०० या वीस वर्षांत जन्मलेले आणि बालपणीच गेलेले मूल देशाच्या आज उपलब्ध असलेल्या दशवार्षिक जनगणनेत नसेल. त्याची खूण पुष्कळदा, दुःखात मदत करणाऱ्यांचे आभार मानायला आईवडिलांनी वृत्तपत्रात छापलेल्या चार ओळींत तेवढी उरते.

मृत्युलेख अवश्य वाचावा, पण तो दुःखात असलेल्या मुलांच्या आठवणींवरून लिहिलेला असतो, त्यामुळे त्यातले जन्मगाव व साल दुसऱ्या कागदाने पडताळल्याशिवाय वंशावळीत घेऊ नये. ‘या भागातला पहिला माणूस’ हे विशेषणही तसेच सावधपणे घ्यावे. ती जमीन ओसाड नव्हती. पॉनी, ओमाहा, ओटो या मूळ अमेरिकी जमातींची ती भूमी होती, आणि पॉनींना तर १८७० च्या दशकात नेब्रास्का सोडावे लागले. घराण्याचा इतिहास लिहिताना हे एक वाक्य गाळू नये, असे मला मनापासून वाटते.

शेवटची पायरी वृत्तपत्राबाहेरची आहे. नोटिशीतले आकडे घेऊन अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याच्या मोफत संकेतस्थळावर पट्ट्याची प्रत पाहावी आणि त्यावरून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे होमस्टेडचे मूळ प्रकरण मागवावे. त्यात अर्जदाराची व साक्षीदारांची जबानी असते: घर केवढे होते, किती एकर नांगरले, कोणते पीक घेतले, घरात माणसे किती, अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही असतात. प्रकरण येईपर्यंत थांबावे लागते. तेवढ्या काळात त्या चौघा साक्षीदारांच्या नावाने जुने अंक पुन्हा एकदा चाळून घ्यावेत.