दिवाळीच्या किल्ला स्पर्धेत उतरायचंय? आधी माणसं जमवा

गल्लीतल्या किंवा सोसायटीतल्या किल्ला स्पर्धेची तयारी बहुतेक ठिकाणी माती आणण्यापासून सुरू होते. माझं ठाम मत आहे की ती माणसं जमवण्यापासून सुरू व्हावी. तयार प्लास्टरचा किल्ला तर आणूच नका. त्यात शेजारच्या मुलांना करण्यासारखं काही उरतच नाही.

१. जागा मागायला मुलांना पाठवा

सहामाही परीक्षा संपायच्या आत जागा पक्की करा. पार्किंगचा कोपरा हवा असेल तर सेक्रेटरींना विचाराच, पण तिथे ज्यांची गाडी लागते त्यांनाही विचारा. "काका, दिवाळी होईपर्यंत स्कूटर जरा पलीकडे लावाल का?" असं सातवीतल्या मुलीनं येऊन विचारलं, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. तळमजल्यावरच्या आजींच्या दारासमोर चिखल सांडणार असेल, तर रोज संध्याकाळी तेवढी फरशी धुऊन देऊ, हे आधीच सांगा. आणि खरंच धुवा.

विटा, पोती, घमेलं घरोघरी मागून आणा. ज्याच्या घरची वीट किल्ल्यात आहे, तो माणूस जाता-येता दोन मिनिटं थांबून बघतोच.

२. खराखुरा किल्ला निवडा आणि वाटून घ्या

काल्पनिक किल्ल्यापेक्षा खरा किल्ला बरा, कारण त्यावर बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, असे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला कुठलाही घ्या. मुलं जास्त असतील तर मी राजगड सुचवेन. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंदीचे भाग, आणि मधोमध बालेकिल्ला, म्हणजे चार टोळ्यांना चार कामं आपोआप मिळतात. संजीवनीची दुहेरी तटबंदी चिकाटीच्या मुलांकडे द्या, सुवेळेचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, ज्याची बोटं नाजूक चालतात त्याच्याकडे.

प्रत्येक टोळीत एक मोठा आणि एक अगदी लहान हवाच. दगड-विटा रचून त्यावर ओलं पोतं टाकायचं आणि चिखल लिंपायचा, ही मोठ्यांची कामं. अळीव पेरणं आणि पाणी शिंपडणं लहानांचं. अळीव वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरा, म्हणजे वेळेवर हिरवळ दिसते.

खरं भांडण होतं ते महाराजांची मूर्ती कोणी ठेवायची यावरून. ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवा. सर्वात लहान मुलानं ठेवावी, ही रीत मला फार आवडते. बक्षीस मिळालं तर त्याचं काय करायचं, तेही तेव्हाच बोलून घ्या.

मावळे ज्याचे त्याने घरून आणावेत आणि तळाला नाव लिहावं.

३. परीक्षकांशी बोलायची तालीम करा

इथे वेळ द्या. एकाच हुशार मुलानं सगळा इतिहास घडाघडा म्हणून दाखवला, की बाकीचे नुसते उभे राहतात. ज्यानं जे बांधलं, त्यानंच ते सांगावं. "हा चोर दरवाजा. इथून पद्मावती माचीवर येतात," एवढी दोन वाक्यं पहिलीतला मुलगा बोट दाखवून नीट सांगू शकतो. आदल्या संध्याकाळी इमारतीतल्या एखाद्या आजोबांना परीक्षक करा आणि त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारायला सांगा.

येत नसेल तर "माहीत नाही, वाचून ठेवतो" म्हणायला शिकवा. थापा मारू देऊ नका. आईबाबांनी त्या वेळी मागे उभं राहावं आणि मधे उत्तर देऊ नये, हे सगळ्यात अवघड असतं, पण पाळाच.

परीक्षक गेल्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यालाही तितकंच मन लावून सांगायचं. फराळाचं ताट घेऊन आलेल्या मावशी परीक्षकांइतक्याच महत्त्वाच्या.

४. दुसऱ्यांचे किल्ले बघायला जा

सगळ्या मंडळानं एकत्र जावं. हात लावायचा नाही, "आमचा भारी" म्हणायचं नाही. नुसतं "छान" म्हणण्यापेक्षा "बुरूज असा गोल कसा केला?" विचारा. करणाऱ्याचा चेहरा फुलतो आणि युक्तीही कळते. निकाल काहीही लागो, जिंकलेल्या मंडळाला आपल्या किल्ल्यावर बोलवा.

५. आवरायलाही सगळे हवेत

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा की भाऊबीजेनंतर काढायचा, हे जागा देणाऱ्यांना विचारून ठरवा. नावं बघून मावळे वाटा, माती कुंड्यांना द्या. विटा परत करायला मुलांनाच पाठवा, विटा झाडून, पुसून, आणि जाताना किल्ल्याचा एक फोटो त्या घरी द्यायला सांगा.