आयपीए चाखताना आधी नाक वापरा

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही भरपूर हॉप्सवाली कडवट बिअर मागवायची, एक घोट घ्यायचा आणि "बाप रे किती कडू" म्हणून ग्लास बाजूला सरकवायचा, हे घोडबंदर रोडला काय आणि वाशी-बेलापूरला काय, सगळीकडे बघतो आणि मनापासून वाईट वाटतं, कारण या बिअरची निम्मी गंमत तोंडाला लावायच्या आधी, वासातच असते.

पहिलं काम म्हणजे तारीख बघा. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास फार टिकत नाही, दोन-तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर बेस्ट, सहा महिने झालेली मी तरी घेत नाही. दुकानात फ्रीजमधलीच मागा, मे महिन्याच्या उकाड्यात शेल्फवर उभी असलेली नको. उजेडाने हॉप्समधले कडू घटक बदलतात आणि घाण उग्र वास येतो, हिरवी किंवा पांढरी काच त्याला अडवत नाही, ब्राऊन बरीच अडवते, कॅनला तर उजेड लागतच नाही. मायक्रोब्रुअरीत असाल तर बॅच कधीची ते सरळ विचारा, लाजायचं काय त्यात.

आपल्याकडे सगळ्यांना एकदम चिल्ड लागते पण गारठलेल्या बिअरला वासच येत नाही. 7 ते 10 डिग्री बरोबर, म्हणजे फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, ठाण्याच्या हवेत तेवढं पुरतं. ग्लास वरून थोडा निमुळता हवा, वाईनचा चालेल, अर्धाच भरा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून मागा.

रंगावर फार वेळ नको. अमेरिकेतली वेस्ट कोस्ट स्टाईल असेल तर स्वच्छ सोनेरी ते तांबूस, हेझी असेल तर गढूळच असते, तो दोष नाही.

आता ग्लास हलकेच फिरवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. कॅस्केड जातीचे हॉप्स असतील तर पपनस आणि फुलं, सिट्रा असेल तर लिंबू, आंबा, पॅशनफ्रूट, चिनूक असेल तर पाईनचा राळेसारखा वास. मेन्यूवर लिहिलेले शब्द शोधत बसू नका, कैरीचा चीक वाटला, गवती चहा वाटला तर तेच लिहा, आपल्या नाकाला आपलीच फळं आठवणार ना. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागून शिळी झालीय, बटर पॉपकॉर्न म्हणजे डायअ‍ॅसिटिल (आंबताना तयार होणारा पदार्थ), उकडलेला मका म्हणजे डीएमएस (गंधकाचा एक पदार्थ), आयपीएमध्ये हे तिन्ही नकोत.

मग घोट. पहिल्याने फक्त तोंड तयार होतं, मत दुसऱ्या-तिसऱ्यावर बनवा. आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) बिस्किटासारखा गोडवा, मग कडवटपणा, आणि मुख्य म्हणजे गिळल्यावर काय राहतं ते. चांगल्या आयपीएचा कडवटपणा ठसठशीत येतो आणि साफ निघून जातो, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. जिभेवर तुरट खरखर चिकटून राहिली तर काहीतरी बिघडलंय. मेन्यूवरच्या आयबीयूवर (कडवटपणाच्या मापावर) जाऊ नका, अमेरिकन आयपीए साधारण 40 ते 70 मध्ये असते पण माल्ट भरपूर असेल तर 60 सुद्धा सौम्य लागतं. अल्कोहोल 5.5 ते 7.5 टक्के, तरी घशात जळजळ नको.

18व्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीतून पेल एल हिंदुस्थानात यायची, आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात, तेव्हा जास्त हॉप्स बिअर टिकावी म्हणून होते. आजची आयपीए मात्र ताज्या वासासाठीच बनते, म्हणून एवढं तारखेचं सांगतोय.

खाणं नंतर. मामलेदारची मिसळ कितीही लाडकी असली तरी आयपीएसोबत नको, कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. कुरमुरे किंवा साधा पाव आणि पाणी ठेवा, चाखून झालं की कुरकुरीत बोंबील फ्राय मागवा.

शेवटचे दोन घोट मुद्दाम ठेवून द्या. कोमट व्हायला लागली की लपलेले दोष वर येतात आणि चांगली असेल तर वास अजून खुलतो, तेव्हा परत हुंगा आणि मगच मार्क द्या. आणि घरी रिक्षाने जा, गाडी नको.