मुलाला स्पर्धेत उतरवताना तब्येतीचा हिशेब कसा ठेवावा

मुंबईत बहुतेक मुलांच्या वाट्याला येणारा खेळ म्हणजे सोसायटीच्या आवारात, उभ्या मोटारींच्या मधल्या जागेत, तळमजल्यावरचे कोणी ओरडेपर्यंत चालणारे क्रिकेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट होतील असा व्यायाम करावा. आवारातल्या खेळाने हे क्वचितच साधते. सामन्याची तारीख ठरली की मात्र सरावाला दांडी मारणे अवघड होते; हृदय, फुप्फुसे आणि हाडे सुधारतात ती या नियमित सरावाने, त्यामुळे क्लब निवडताना कपाटातल्या ढाली मोजण्यापेक्षा आपल्या मुलाला प्रत्यक्ष किती खेळायला मिळेल हे पाहावे.

त्यासाठी प्रवेश घेण्यापूर्वी एक संपूर्ण सराव बाजूला उभे राहून पाहावा. क्रिकेटच्या नेटमध्ये चार मुले फलंदाजी-गोलंदाजी करतात आणि उरलेली पॅड बांधून रांगेत उभी राहतात किंवा चेंडू आणून देतात, हे दृश्य शिवाजी पार्कपासून आझाद मैदानापर्यंत कुठेही दिसते. रांगेत उभे राहून कोणाचाही दमसास वाढत नाही. सुरुवातीला अंग गरम करून घेतात का, मध्ये पाणी पिऊ देतात का, प्रथमोपचाराची पेटी आहे का आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हेही तिथेच कळते. मैदान शक्यतो जवळचे असावे, कारण किट बॅग सांभाळत गर्दीच्या लोकलने केलेला प्रवास शेवटी झोपेतून वजा होतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते.

खेळ कोणता, हे मुलाच्या आवडीवर सोडावे. आपण फक्त उणीव भरून काढावी. पोहण्याने दमसास उत्तम वाढतो, पण पाण्यात हाडांवर भार पडत नाही, म्हणून जलतरणपटूला धावणे-उड्या मारणे याचीही जोड द्यावी. बॅडमिंटन, टेबल टेनिस खेळणाऱ्यांनी दिवसाउजेडी काही वेळ मोकळ्या हवेत काढावा, कारण बाहेरच्या प्रकाशात वावरणाऱ्या मुलांमध्ये लांबचे अंधुक दिसू लागून चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. मल्लखांबाने पकड, खांदे आणि पाठ तयार होते. शिवाय तो छताखाली शिकता येत असल्याने पावसाळ्यातही खंड पडत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती भाराच्या बाबतीत. शाळेचा संघ, क्लब आणि सुट्टीतले शिबिर असे तिन्ही एकदम चालू असते आणि एका सरांना दुसऱ्या सरांनी काय करून घेतले याचा पत्ता नसतो. तो हिशेब पालकांनीच वहीत ठेवावा. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्यात संघटित खेळ नको, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी, आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि तिथे वारंवार ताण पडला की टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागतो. वेगवान गोलंदाजाची कंबर सतत दुखत असेल, तर मलम चोळून पुढचा सामना खेळवण्याऐवजी त्याला आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. डोक्याला मार लागून मूल गांगरले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात पाठवू नये, अंतिम सामना असला तरीही.

इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात सराव सकाळी लवकर ठेवावा. पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल मुलांना फार आवडतो आणि तो बंद करण्याचे कारण नाही, मात्र खरचटलेली जागा झाकलेली हवी, तुंबलेल्या पाण्यात उतरू नये आणि घरी येताच साबणाने पाय धुवावेत. चिखलपाण्यात खेळल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून सांगावे, म्हणजे त्यांना लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार करता येतो.

खाण्यात महागड्या पावडरींची गरज नसते. सरावाआधी केळे किंवा पोळीचा लाडू आणि नंतर वरणभात, अंडी, उसळ पुरते. कबड्डी, कुस्तीसारख्या वजनगटाच्या खेळांत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, कारण गटापेक्षा वजन जास्त भरू नये म्हणून आदल्या दिवशी जेवण आणि पाणी तोडण्याचा सल्ला मोठी मुले लहानांना सहज देतात. मुलीची पाळी अनियमित झाली किंवा ती सतत थकलेली दिसली, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दमा असलेल्या मुलांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, इनहेलर जवळ ठेवून खेळावे.

दहावीच्या वर्षी सराव कमी करावा, पण बंद करू नये. पात्र ठरणाऱ्या स्पर्धांसाठी राज्य मंडळ क्रीडागुण देते. त्यासाठी कोणती प्रमाणपत्रे आणि कोणत्या मुदतीत लागतात, हे वर्ष सुरू होतानाच शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून लिहून घ्यावे.