बझर ओरडतोय, काटा गप्प: जुन्या गाडीचा टेम्परेचर अलार्म कसा तपासायचा

मे महिना, दुपारचे बारा, तुळजापूरचा घाट. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर ओटीची पिशवी, आणि बझर वाजायला लागला. गाडी वडिलांची, १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. इंजिन जास्त तापलं की वाजणारा हा बझरही त्यांनीच बसवून घेतलेला. "काटा बघायला मान खाली घालावी लागते, कानाला तेवढंही करावं लागत नाही," असं म्हणायचे. ते गेल्यापासून गाडी मी चालवते.

काटा मध्यावर होता आणि बझर जीव तोडून ओरडत होता. दोघांतला एक खोटा, हे उघड होतं. कोणता, ते शोधायला मला तीन रविवार लागले. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, गॅरेजशी संबंध बिल भरण्यापुरता. पण मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं छोटं मीटर) वापरता येत असेल तर हे काम एका सकाळी होतं.

आधी रस्त्यावरचं. अलार्म खोटा असल्याचं सिद्ध होईपर्यंत तो खराच धरायचा. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. वाफ नाही, कूलंटचा तो गोडसर वास नाही, बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी खुणेवर आणि त्यात बुडबुडे नाहीत. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. ते झाकण दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबायचं. आम्ही आईच्या पिशवीतली शेंगाचटणी-भाकरी खाऊन घेतली.

काटा खाली आला म्हणून लगेच खूशही व्हायचं नाही. पाणी गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो, त्याला हवा लागते, आणि इंजिन भाजत असताना काटा थंड दाखवतो. म्हणून काट्याच्या आधी पाण्याची पातळी बघायची.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी बझर ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "मॅडम, हेड गॅस्केट. इंजिन उघडावं लागेल." म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील गेलं. पाच आकडी खर्च सांगितला. एकदाही कशाचं तापमान मोजलं नाही. मी गाडी परत आणली.

घरी येऊन मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं: अलार्म वाजतो कसा? चढत चढत, की उडी मारून? आठवून पाहिलं तर घाटात बझर एकदम सुरू झाला, वळणावर थांबला, परत सुरू झाला, आणि मी क्लच दाबला की गप्प झाला. पाणी असं वागत नाही. गाडीत चार लिटर पाणी धरा. ते २० अंशांनी तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. एका सेकंदात तापवायचं तर ३३५ किलोवॉट हवेत. ८००चं इंजिन चाळिसेक हॉर्सपॉवरचं, म्हणजे २८-३० किलोवॉट, आणि पाण्यात जाणारी उष्णता ढोबळमानानं तेवढीच. रेडिएटर नाहीच असं मानलं, इंजिनचं लोखंड-अॅल्युमिनियम तापायचं सोडून दिलं, तरी दहा-बारा सेकंद लागतील. आणि गरम झालेलं पाणी क्लच दाबल्याबरोबर थंड तर मुळीच होत नाही. सेकंदात उडी मारते ती वीज. नववीच्या मुलांना हे गणित मी दरवर्षी फळ्यावर घालते आणि स्वतःच्या गाडीत बसल्यावर विसरले.

याच्या उलट, काटा सिग्नलला उभं राहिल्यावर हळूहळू चढत असेल आणि गाडी पळाली की उतरत असेल, तर तारांच्या मागे लागू नका. तो खरा ताप आहे, बहुतेक वेळा पंखा किंवा पंख्याचा स्विच. पाणी वारंवार कमी होणं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवर तेलाऐवजी दुधाळ चहा, यांतलं काही असेल तर गॅस्केटवाले बरोबर असू शकतात.

आता खात्री करायची. इंजिन खरंच किती गरम आहे? करोनाच्या काळात घेतलेली कपाळाची बंदूक यासाठी चालत नाही, ती माणसांच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक लागते. मी शेजारच्या यंत्रमागवाल्यांकडून मागून आणली, ते मोटारींचं बेअरिंग बघायला ठेवतात. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खोटं, म्हणजे कमी तापमान दाखवते, कारण चमकदार धातू उष्णता नीट बाहेर टाकत नाही. थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) कव्हरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर नेम धरायचा. सोलापूरच्या विजापूर रोडवर दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर माझं कव्हर ८६ अंश दाखवत होतं. पंखा लागला, बंद झाला. बझर गप्प, काटा मध्यावर. म्हणजे इंजिन आणि काटा एका बाजूला आणि बझर एकटा.

इथे एक गोंधळ टाळा. जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅटच्या आसपास दोन-तीन वेगवेगळे बोल्टासारखे तुकडे लावलेले असतात. एक काट्याचा सेन्सर, एक पंख्याचा स्विच, आणि कुणी मागाहून बसवला असेल तर बझरचा स्विच. सेन्सरचा रेझिस्टन्स गरम होईल तसा घटत जातो. माझ्या गाडीतला थंड असताना शंभर ओहमच्या बराच वर होता आणि उकळत्या पाण्यात तिसाच्या खाली आला. बझरचा स्विच मात्र हो किंवा नाही एवढंच बोलतो: ठरलेल्या तापमानाला आतली पट्टी वाकते आणि तार बॉडीला अर्थ होते. बझरला चावीतून प्लस मिळालेलाच असतो, मायनस मिळाला की तो वाजतो. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

इंजिन थंड असताना चावी ऑन करायची, स्टार्ट नाही, आणि बझरच्या स्विचवरची तार काढायची. तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवलं की बझर वाजलाच पाहिजे. वाजला नाही तर फ्यूज किंवा बझर गेला, नाहीतर तार तुटली, आणि ही सगळ्यात धोक्याची अवस्था, कारण तेव्हा गाडीला अलार्म नाहीच. टोक हवेत धरलं की बझर गप्प बसायला हवा. हवेत धरूनही वाजत असेल तर तार वाटेत कुठेतरी उघडी पडून बॉडीला लागतेय. माझी तार दोन्ही परीक्षा पास झाली, आणि मी स्विचवर संशय घेतला.

काट्याच्या सेन्सरलाही हीच युक्ती चालते: तार काढली की काटा थंडाकडे, अर्थ केली की गरमाकडे. पण अर्थ क्षणभरच करायचा, काटा टोकाला आदळू द्यायचा नाही. आणि पेट्रोलचा काटा व टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदम वर चढत असतील, विशेषतः हेडलाइट लावल्यावर, तर इंजिनला हात लावू नका. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागचा अर्थ किंवा काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर बघा.

स्विच तपासायला तो थंड इंजिनवरून काढला, आतली पट्टी जुळली की आवाज देईल असा मल्टिमीटर जोडला आणि स्विच पातेल्यात सोडला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी साधारण ९८.५ अंशांलाच उकळतं. माझ्या स्विचवर १०५ कोरलेलं. तो उकळत्या पाण्यात कितीही वेळ ठेवला तरी जुळणार नाही, आणि माणूस चांगला स्विच फेकून देईल. शंभराच्या वरच्या स्विचला तेल लागतं. मी शेंगदाण्याचं घेतलं, मंद आचेवर, दोनशेपर्यंतचा थर्मामीटर लावून. स्विच आधी कोरडा पुसला, कारण गरम तेलात पाण्याचा थेंब पडला की तेल अंगावर उडतं. १०४ला मीटरनं आवाज दिला. स्विच निर्दोष. पातेलं आईनं स्वयंपाकघरात परत घेतलं नाही.

परत बसवताना आट्यांवर प्लंबरसारखा पांढरा टेप गुंडाळू नका. एका तारेच्या स्विचला आणि सेन्सरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. आणि काढलाच आहे तर टोक बघा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून लोक रेडिएटरमध्ये बोअरचं घालतात. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसून सेन्सर गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो आणि सगळं उशिरा कळतं. वडिलांनी कायम कूलंट घातलं, माझा स्विच स्वच्छ निघाला.

मग राहिलं काय? इथे मी दोन रविवार अडकले. गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियन अण्णांना सांगितलं. ते घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर अस्सल सोलापुरी. "बाई, गाडी उभी असताना वायर बगताय तुम्ही. इंजिन हलतंय कुटं? घाटात हलतंय की ओ."

त्यांनी मला आत बसवलं. हँडब्रेक ओढायचा, पायाखालचा ब्रेक दाबून धरायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, लगेच दाबायचा, दोन-तीनदाच. इंजिन जोर लावताना आपल्या माउंटिंगवर मागे झुकतं. समोर मात्र कुणी उभं राहायचं नाही. अण्णा मडगार्डच्या बाजूनं वाकले होते. तिसऱ्या वेळी बझर कुईं करून वाजला आणि मी क्लच दाबल्याबरोबर थांबला. घाटातलं कोडं अंगणात सुटलं.

बझरची तार एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या) वरून, वीतभर अंतरानं गेली होती. बाविसेक वर्षांच्या धगीनं तिचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं, आणि एका पत्र्याच्या क्लॅम्पशी घासून तांबं उघडं पडलेलं. इंजिन झुकलं की तांबं क्लॅम्पला टेकायचं, म्हणजेच अर्थ, म्हणजेच बझर. सपाट रस्त्यावर दोघांत दोन मिलिमीटरचं अंतर राहायचं.

उघड्या जागेवर टेप गुंडाळून सोडू नका. मॅनिफोल्डजवळ टेपचा गोंद वितळतो आणि दोन महिन्यांत तेच दुखणं. आम्ही तार पूर्ण बदलली, एक चौरस मिलिमीटरची, वरून फायबरग्लासचं स्लीव्ह. रस्ताही बदलला: फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या कडेनं, मॅनिफोल्डपासून लांब. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे कडेनं कापू नये म्हणून रबरी ग्रॉमेट, आणि इंजिनला हलता यावं म्हणून शेवटी थोडी ढील. प्लसच्या बाजूला फ्यूज नव्हता, तो टाकला. तारेचे, स्लीव्हचे आणि अण्णांचे मिळून चारशे रुपये झाले.

पुढच्या मंगळवारी परत तुळजापूर. घाटात बझर गप्प, आणि मला वेगळीच धास्ती: तो गप्प आहे की मेला? म्हणून आता दर महिन्याला तार काढून इंजिनला टेकवते. अण्णांचं म्हणणं, एवढ्या कर्कश बझरपेक्षा रिव्हर्सला लावतात तसा गाण्याचा लावून देतो. मी नको म्हटलं. आईला मात्र विचार पटलाय, आणि आरतीची चाल मिळते का ते ती अण्णांना परस्पर विचारून आलीय.