मोठ्या टमाट्याचं काळं पडणारं बूड

ब्रँडीवाइन हा अमेरिकेतला जुना वाण. एकेक फळ सहज पाव किलोच्या वर जातं. कोजागिरीच्या सुमारास काळ्या वावरात रोपं लावली, झाडं जोमात वाढली, पण पहिल्याच तोड्याला फळांची बुडं काळी, चामड्यासारखी आणि आत दबलेली. दुकानदारानं बुरशीनाशक पुढं केलं. ते घेतलं नाही, कारण हा बुरशीचा रोगच नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं.

आता आमच्या जमिनीत चुनखडी हवी तेवढी. मग कमी कसं पडतं? कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं. पानं जास्त पाणी ओढतात, फळ कमी. त्यात मोटारीची लाइन, म्हणजे वीज, कधी रात्री, कधी दिवसा, कधी नाहीच. वावराला भेगा पडायच्या, मग एकदम पाट भरून पाणी. मोठ्या फळांना हे लवकर बाधतं.

म्हणून पाट बंद करून ठिबक टाकलं, रोज थोडं थोडं पाणी. झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, चार बोटं जाड पसरलं. खरा फरक कुटारानंच पडला असं माझं मत, कारण लाइन गेली तरी ओल टिकायची. युरियाही थांबवला. डागाळलेली फळं सुधरत नाहीत, ती तोडून टाकली. नंतर धरलेली फळं स्वच्छ आली.

झाड वाढतच राहतं, त्याला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, आधार पुरत नाही, बांबूच लागतो. आणि लावणीला उशीर नको. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात.